कागद गेला, सांगाडा उरला : रिकाम्या पॉलिहाऊसचा कमी खर्चात वापर

मावळ, जुन्नर, खेड, दिंडोरी, शिरोळ या भागांत पॉलिहाऊसचे उघडे सांगाडे दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. वरचा कागद फाटून गेलेला, पडद्यांच्या चिंध्या पाइपांना लोंबकळत असलेल्या, आत गाजर गवत माजलेले. मालकाला विचारले तर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते : नवा कागद टाकायला पैसे नाहीत आणि पाइप भंगारात द्यायला मन होत नाही. दरम्यान बँकेचे हप्ते सुरूच असतात. शेतातली सर्वांत महाग १० गुंठे जमीन अशी पडीक राहते.

या सांगाड्यावर पुन्हा पूर्ण कागद चढवणे हा एकच मार्ग आहे, असे गृहीत धरल्यामुळे अनेक शेतकरी काहीच करत नाहीत. प्रत्यक्षात आजच्या बाजारात पैसे देणाऱ्या अनेक पिकांना पूर्ण बंद पॉलिहाऊस लागतच नाही. काहींना फक्त सावली पुरते, काहींना किडीपासून जाळी पुरते, काहींना डोक्यावर पावसापुरते छप्पर, तर वेलींना नुसत्या तारा. आधी पीक आणि त्याचा ग्राहक ठरवावा, मग त्या पिकापुरतेच आच्छादन घ्यावे. हा क्रम पाळला तर खर्च निम्म्याहून खाली येतो.

ही वेळ का आली?

एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत नैसर्गिक वायुवीजनाच्या पॉलिहाऊससाठी ५०१ ते १००८ चौरस मीटर क्षेत्राला प्रति चौरस मीटर ९३५ रुपये हा खर्चाचा निकष होता आणि त्यावर ५० टक्के अनुदान. म्हणजे १० गुंठ्यांच्या, १००८ चौरस मीटरच्या युनिटला निकषाप्रमाणे सुमारे ९ लाख ४२ हजार रुपये खर्च आणि ४ लाख ७१ हजारांच्या आसपास अनुदान. प्रत्यक्षातला खर्च अनेकांच्या बाबतीत यापेक्षा जास्त झाला आणि उरलेली रक्कम कर्जातून आली. निकषांचे आकडे नंतर बदलले, पण मूळ रचना तीच राहिली : मदत उभारणीला.

अडचण इथेच आहे. गॅल्व्हनाइज्ड पाइपचा सांगाडा नीट बसवला आणि सांभाळला तर १५ ते २० वर्षे टिकतो. त्यावरचा २०० मायक्रॉनचा अतिनील किरणांना तोंड देणारा कागद मात्र साधारण ३ वर्षांच्या हमीने मिळतो. जपला तर चौथे-पाचवे वर्ष काढतो. एका सांगाड्याच्या आयुष्यात चार-पाच वेळा कागद बदलावा लागणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेले असते. प्रकल्प अहवालात मात्र हा खर्च कोपऱ्यात ‘देखभाल’ म्हणून एका ओळीत उरकलेला असतो. हप्ता फेडताना दरवर्षी कागदासाठी काही रक्कम बाजूला टाकलेली शेतकरी कुटुंबे फार थोडी आहेत, आणि त्यांना दोषही देता येणार नाही. फुलांच्या बाजाराने तेवढी उसंत दिली नाही.

२०२० हे वर्ष तर दुहेरी फटक्याचे होते. मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि लग्नसराईच्या ऐन हंगामात गुलाब, जरबेरा, कार्नेशनचा बाजार बंद पडला. फुले तोडून उकिरड्यावर टाकावी लागली. त्यातून सावरायच्या आत ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि घाट ओलांडून पुणे जिल्ह्यात आले. मावळ, जुन्नर, खेडमधल्या अनेक पॉलिहाऊसचे कागद फाटले, काहींचे सांगाडे वाकले. पीकविमा हा पिकाचा असतो, सांगाड्याचा आणि कागदाचा नसतो. रचनेचा वेगळा विमा उतरवलेला नसेल तर ते नुकसान अंगावरच पडते. त्यानंतर सजावटीत कृत्रिम फुलांचा वापर वाढत गेला. त्यांच्यावर बंदी घालावी अशी फूल उत्पादकांची मागणी कायम आहे. या सगळ्यात ज्यांचा कागद २०२० ते २०२२ च्या दरम्यान संपला, त्यांच्यातले अनेक जण परत उभे राहिले नाहीत.

हिमाचल प्रदेशाने जुन्या हरितगृहांचा कागद बदलण्यासाठी अनुदानाची वेगळी योजना आणली. महाराष्ट्रात हरितगृहांची संख्या मोठी असताना असा विचार अधिक ठामपणे व्हायला हवा. नवीन १० गुंठे उभे करण्यासाठी शासन जेवढे पैसे देते, त्याच्या काही भागात एक बंद पडलेले युनिट चालू होऊ शकते. लोखंड आधीच जमिनीत उभे आहे. पण धोरण बदलेपर्यंत वाट पाहणे शेतकऱ्याला परवडणारे नाही, म्हणून पुढचा सगळा विचार स्वतःच्या खिशातून, थोडक्या पैशांत काय करता येईल एवढ्यापुरता केला आहे.

आधी सांगाडा तपासा

कोणतेही आच्छादन विकत घेण्यापूर्वी एक सकाळ सांगाड्यासाठी द्यावी. पाइप जमिनीत शिरतो तिथे, वर-खाली वीतभर भागात गंज सर्वांत आधी धरतो. तिथली माती उकरून पाइपवर हातोडीने हलके ठोकावे. आवाज बद्द आला किंवा पापुद्रे निघाले तर तो खांब आतून खाल्लेला आहे. अशा खांबाला जाड पाइपचा तुकडा जोडून नवीन काँक्रीट भरावे. सैल नट-बोल्ट, निसटलेले क्लॅम्प, कोपऱ्यांतले तिरके आधार पाहावेत. तिरके आधार काढून दुसरीकडे वापरलेले असतात, हे अनेक ठिकाणी आढळते. उघड्या सांगाड्यातून वारा आरपार जातो म्हणून तो उभा राहतो. त्याच सांगाड्यावर कागद चढला की तो शिडासारखा वारा धरतो. पॉलिहाऊसची रचना ताशी किमान १२० किलोमीटर वारा सोसणारी असावी असा मापदंड आहे, पण तो नव्या, सर्व आधार जागेवर असलेल्या रचनेसाठी आहे. दहा वर्षे गंजलेल्या सांगाड्याकडून ती अपेक्षा ठेवू नये.

जुना कागद काढताना प्रोफाइल पट्ट्या आणि झिगझॅग स्प्रिंग सांभाळून ठेवाव्यात. नव्याने घ्यायच्या झाल्या तर त्यांचा खर्च अंगावर येतो. कागदाचे मोठे, बऱ्या अवस्थेतले तुकडे धुऊन, गुंडाळून सावलीत ठेवावेत. त्यांचा उपयोग पुढे येतोच. सांगाडा विकायचा किंवा हलवायचा विचार असेल तर बँकेचा बोजा आणि अनुदानाच्या अटी आधी तपासाव्यात, नाही तर पाइप गेल्यावर वसुलीची नोटीस येते.

मातीचा आजार उघड्यावरच बरा होतो

बंद पडलेल्या बहुतेक पॉलिहाऊसमध्ये कागद फाटायच्या आधीच उत्पादन घसरलेले असते. कारण मातीत असते. वर्षानुवर्षे पाऊस न पडलेल्या आणि रोज विद्राव्य खते घेतलेल्या गादीवाफ्यांत क्षार साचतात. सूत्रकृमी वाढतात, मर रोगाची बुरशी ठाण मांडते. या मातीवर नवा कागद टाकून ढोबळी मिरची किंवा काकडी लावली तर पहिल्याच हंगामात पैसे जातात.

इथे उघडा सांगाडा फायद्याचा ठरतो. एका पावसाळ्याचे पाणी मातीतून निचरून गेले तर क्षार बऱ्यापैकी खाली जातात. पाण्याचा निचरा होण्यासाठी दोन वाफ्यांमधल्या वाटा खोल करून पाणी बाहेर काढावे. गादीवाफ्यांची लाल माती पैसे मोजून ट्रकने आणलेली असते, ती पावसात वाहून जाऊ नये म्हणून जूनच्या पहिल्या वाफशाला ताग किंवा धैंचा दाट पेरावा आणि फुलोऱ्यात येताना गाडावा. मुळांवर गाठी दिसलेल्या असतील तर पुढच्या हंगामात झेंडू घ्यावा. सूत्रकृमींची संख्या कमी करायला त्याची मदत होते आणि दसरा-दिवाळीला फुले विकली जातात.

एप्रिल-मे हाताशी असेल तर मातीला ऊन द्यावे. वाफे भुसभुशीत करून भरपूर पाणी द्यायचे, वर पारदर्शक कागद मातीला चिकटून अंथरायचा, कडा मातीत पुरायच्या आणि ४ ते ६ आठवडे तसेच ठेवायचे. यासाठी २५ मायक्रॉनचा पातळ कागद उत्तम. पण छतावरून काढलेला जुना कागद स्वच्छ धुऊन वापरला तरी काम होते. धूळ आणि शेवाळ तसेच राहिले तर ऊन आत पोहोचत नाही, म्हणून धुण्यात कसर करू नये. काळा कागद या कामाला नको.

त्यानंतर माती परीक्षण करावे. क्षारता १ डेसीसायमन प्रति मीटरच्या खाली आणि सामू ६.५ ते ७.५ च्या दरम्यान असेल तर पुढे जावे. जास्त असेल तर आणखी एक पावसाळा उघडाच ठेवावा.

आच्छादनाशिवाय : वेलींचा मांडव

दोडका, कारली, दुधी, पडवळ, घोसाळी यांना मांडव लागतो आणि बांबू, तारा, मजुरी यांचा खर्च शेतकऱ्याला चांगला माहीत आहे. उघडा सांगाडा म्हणजे निम्मा तयार मांडव. फक्त तो फार उंच आहे. गटरपर्यंतची उंची ४ मीटरच्या पुढे जाते, तिथे फळ तोडायला कोण चढणार? म्हणून खांबांना साडेसहा ते सात फुटांवर आडव्या तारा ओढून घ्याव्यात. मुख्य तार जाड, तिच्यावर आडवी बारीक तार किंवा वेलींची जाळी.

फळांनी लगडलेल्या, पावसाने भिजलेल्या वेलीचे वजन फार होते. तारा ओढल्या की सगळा ताण कडेच्या खांबांवर येतो आणि ते आत झुकतात. कडेच्या प्रत्येक खांबाला बाहेरून ताण द्यावा, द्राक्षबागेत देतात तसा. वरच्या कमानीच्या पाइपांना वेलीचे वजन टांगू नये. त्या पाइपांची रचना त्यासाठी नसते.

या पद्धतीत मधमाश्या मोकळ्या येतात, त्यामुळे फळधारणेची काळजी नाही. फळमाशीसाठी क्यू ल्यूरचे सापळे सुरुवातीपासून लावावेत, पावसाळ्यात केवड्यावर लक्ष ठेवावे. जुने ठिबक वाफ्यांवर तसेच असेल तर तेही वापरात येते. नवीन खर्च तारा, बियाणे आणि मजुरी एवढाच. हातात काहीच पैसे नसलेल्या शेतकऱ्याने पहिल्या वर्षी यापलीकडे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सावली : शेडनेट, आणि जुन्या साड्याही

उन्हाळ्यात कोथिंबीर, मेथी, पालक यांना ३५ ते ५० टक्के सावली मिळाली तर पीक तगते आणि एप्रिल ते जूनमध्ये बाजारात आवक कमी असताना माल हाती येतो. हिरवी ढोबळी मिरचीही शेडनेटमध्ये राज्यात अनेक ठिकाणी घेतली जाते. पश्चिम महाराष्ट्राच्या उन्हाला ३५ टक्के पुरते, मराठवाडा-विदर्भात ५० टक्के घ्यावे. ७५ टक्के नेट ‘जास्त थंडावा’ म्हणून घेणारे शेतकरी भेटतात. त्याखाली भाजीपाला उंच, लुसलुशीत आणि कमी उत्पादनाचा होतो. ते नेट शोभेच्या पर्णवनस्पती आणि अँथुरियमसारख्या पिकांसाठी आहे. रंगाबाबत हिरव्याची सवय पडली आहे, पण भाजीपाल्याला पांढरे नेट बरे. प्रकाश विखुरतो आणि आतले तापमान काळ्या नेटपेक्षा कमी राहते.

नेट कायमचे ताणून बांधण्यापेक्षा तारेवर कड्यांनी सरकते ठेवावे. सकाळी लवकर आणि ढगाळ दिवशी ते बाजूला करता येते, थंडीत पूर्ण काढून ठेवता येते. त्यामुळे नेटचे आयुष्यही वाढते. वळवाच्या वादळाआधी गुंडाळता येणे हा तर सर्वांत मोठा फायदा. सांगाड्याच्या अगदी वरच्या कमानीवर नेट टाकू नये. गटरच्या उंचीला आडवी तार ओढून त्यावर टाकले तर नेट कमी लागते आणि वाराही कमी धरते.

पैसे अगदीच नसतील तर जुन्या साड्या. सोलापूर-सांगोल्याकडे डाळिंबाला उन्हापासून वाचवायला साड्या वापरतात, ते सगळ्यांना ठाऊक आहे. सुती साडी लवकर कुजते, सिंथेटिक साडी एक उन्हाळा काढते. फिकट रंगाच्या निवडाव्यात. सावली एकसारखी मिळत नाही आणि भिजल्यावर साडी जड होते, म्हणून मृगाआधी काढून घ्याव्यात. एक उन्हाळी कोथिंबीर काढून पुढच्या वर्षीच्या नेटचे पैसे उभे करायला हा उपाय पुरेसा आहे, त्यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नये. मिरज तालुक्यातल्या पानमळ्यांसारखे, सावलीत वाढणारे पीक तुमच्या भागात रूढ असेल आणि व्यापारी दारात येत असेल तर सांगाड्याचा विचार त्या अंगानेही करावा. नागवेलीला शेवगा, शेवरी, हादगा यांचा आधार आणि सावली देतात, ते काम इथे पाइप आणि नेट करतात.

किडीपासून जाळी : रोपवाटिका आणि बीजोत्पादन

मिरची आणि टोमॅटोवरील विषाणूजन्य रोग, पपईवरील रिंग स्पॉट यांनी शेतकरी हैराण आहेत. पांढरी माशी, मावा, फुलकिडे यांच्यामार्फत हे रोग येतात आणि रोपावस्थेत लागण झाली तर पुढे काहीच करता येत नाही. त्यामुळे जाळीतल्या निरोगी रोपांना गावोगावी मागणी आहे. पूर्ण सांगाडा यासाठी लागत नाही.

उदाहरण घ्या. ३२ मीटर लांब-रुंद सांगाड्यात ८ मीटरचे चार गाळे असतात. त्यातला एकच गाळा, म्हणजे ८ बाय ३२, २५६ चौरस मीटर, रोपवाटिकेसाठी घेतला. वाटा, दार, कामाची जागा सोडून १५० चौरस मीटर उरले तरी ९८ कप्प्यांचे सुमारे १,००० ट्रे बसतात. म्हणजे एका वेळी जवळपास ९८,००० रोपे. टोमॅटोचे रोप २५ ते ३० दिवसांत तयार होते, मिरचीला त्याहून अधिक दिवस लागतात. एवढी रोपे १२ ते १५ एकर टोमॅटोला पुरतात. आता प्रश्न जाळीचा राहत नाही, तेवढ्या रोपांची आगाऊ मागणी आहे का, हा राहतो. मागणी २० हजारांची असेल तर गाळ्याचा चौथा हिस्साच झाकावा.

बाजूंना ४० मेश जाळी लावावी. पांढऱ्या माशीला ती बऱ्यापैकी अडवते. फुलकिड्यांसाठी याहून बारीक जाळी लागते, पण मग हवा खेळत नाही आणि उन्हाळ्यात आत भट्टी होते. दोन दरवाजे, एकामागे एक. एक उघडा असताना दुसरा बंद. जाळी खाली मातीत पुरलेली. यातला एक दुवा निसटला तर बाकीचा खर्च वाया जातो. राज्यात पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना भाजीपाला रोपवाटिकांसाठी आहे. उभ्या सांगाड्यावर तिचा लाभ बसतो का, तसेच रोपे विकण्यासाठी कोणती नोंदणी लागते, हे काम सुरू करण्यापूर्वी तालुका कृषी कार्यालयात लेखी विचारून घ्यावे.

एक चूक वारंवार होते. जाळी लावून आत दोडका, कारली किंवा साधी काकडी लावतात आणि फळे पिवळी पडून गळू लागली की औषधे फवारत बसतात. जाळीत मधमाशी येत नाही, मग परागीभवन कोण करणार? जाळीत परागीभवनाशिवाय फळ धरणारी काकडीच लावावी, किंवा रोज सकाळी हाताने परागीभवन करायची तयारी ठेवावी.

नेमकी हीच गोष्ट बीजोत्पादनात उपयोगाची ठरते. बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजा, सिंदखेड राजा परिसरात शेडनेटमध्ये मिरची, टोमॅटो, काकडीचे संकरित बीजोत्पादन मोठ्या प्रमाणावर होते. बाहेरचा पराग येत नाही आणि परागीभवन मजुरांच्या हातून होते. त्या पट्ट्यात किंवा जवळपास सांगाडा असेल तर हा पर्याय चांगला. पण कंपनीचा लेखी करार, बियाण्याचा दर आणि उगवण चाचणीत नापास झाल्यास काय, हे आधी कागदावर यावे. कुशल मजूर नसलेल्या भागात यात पडू नये.

पावसापुरते छप्पर

जुलै-ऑगस्टमध्ये कोथिंबीर झोडपून निघते आणि भाव चढतो. टोमॅटोवर करपा येतो. या दोन महिन्यांसाठी फक्त छतावर कागद आणि बाजू मोकळ्या, एवढी रचना पुरते. केरळमध्ये भाजीपाल्यासाठी अशी पाऊसनिवारा छपरे चांगली रुजली आहेत. आपल्याकडे घाटमाथ्याला, मावळ-मुळशीपासून आजरा-चंदगडपर्यंत, ती विचारात घेण्यासारखी आहेत.

कागदाचा हिशेब किलोत करावा. २०० मायक्रॉनच्या कागदाचे एक चौरस मीटर सुमारे १८४ ग्रॅम भरते. वरच्या उदाहरणातील एका गाळ्याच्या छताला कमानीमुळे जमिनीच्या सव्वापट, अंदाजे ३०० ते ३२० चौरस मीटर कागद लागतो, म्हणजे ५५ ते ६० किलो. चारही गाळ्यांचे छत २२५ ते २४० किलो. त्यावर चारही बाजू वेगळ्या. एका गाळ्याने सुरुवात केली तर छताचा खर्च चौथ्या हिश्शावर येतो. किलोचा स्थानिक दर घालून ज्याने-त्याने आपला आकडा काढावा, तो ३ वर्षांत वाटावा आणि दरवर्षी निघणाऱ्या पिकाच्या तुलनेत ठेवावा. एका पावसाळी पिकात त्या वर्षीचा हिस्सा निघत नसेल तर छप्पर घालू नये.

हेच वजन कागदाची परीक्षा घ्यायलाही कामी येते. ९ मीटर रुंद, ५० मीटर लांब रोल म्हणजे ४५० चौरस मीटर. २०० मायक्रॉन असेल तर तो ८३ किलोच्या आसपास भरला पाहिजे. ६५ किलो भरला तर तो १६० मायक्रॉनपेक्षाही पातळ आहे, दुकानदार काहीही सांगो. हरितगृहाच्या कागदासाठी भारतीय मानक १५८२७ आणि शेडनेटसाठी १६००८ आहे. बिलावर मायक्रॉन, मानक आणि हमीचा कालावधी लिहून घ्यावा. पॅकिंगचा किंवा मांडववाल्यांचा साधा पारदर्शक कागद स्वस्त मिळतो म्हणून टाकू नये. उन्हाने काही महिन्यांतच त्याचा पापड होतो.

अर्धवट झाकलेल्या सांगाड्यात वाऱ्याचा धोका वेगळा असतो. एकच बाजू बंद आणि तीन उघड्या ठेवल्या तर वारा झोळीसारखा आत भरतो आणि छत उचलतो. बाजू मोकळ्या ठेवायच्या तर चारही मोकळ्या, फार तर सगळीकडे जाळी. छताला हवा निसटायची वरची फट बुजवू नये. नैऋत्येच्या वाऱ्याचा पहिला मार झेलणारा कडेचा गाळा टाळून आतला गाळा निवडावा. कागद चढवायचा तो वारा नसलेल्या सकाळी, फार थंडीत नाही आणि भर उन्हातही नाही. पाइप उन्हात तापतो आणि कागद पहिल्यांदा तिथेच जळतो, म्हणून कागद टेकणाऱ्या पाइपांच्या बाजूला पांढरा रंग द्यावा. गंधक आणि क्लोरीनयुक्त औषधांनी कागदाचे आयुष्य घटते, ती छताखाली जपून वापरावीत.

वेळेचाही विचार नव्याने करायला हवा. कागद आणि छपराची कामे मेअखेरीला करायची सर्वांची पद्धत. २०२५ मध्ये मे महिन्यातच राज्यभर पाऊस झाला आणि २६ मे रोजी मान्सून मुंबईत पोहोचला. ज्यांनी शेवटच्या आठवड्यावर काम ढकलले होते त्यांना ते करता आले नाही. वळवाची वादळेही त्याच काळात येतात. सांगाड्याची दुरुस्ती आणि मोजमापे फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकून कागद घरात आणून ठेवावा, आणि हवामानाचा अंदाज पाहून मेच्या पूर्वार्धात तो चढवावा.

पीक न घेता

हळदीच्या पट्ट्यात, वसमत-हिंगोलीपासून सांगलीपर्यंत, शिजवलेली हळद वाळत असताना अवकाळी पाऊस आला की रंग जातो. धुऊन ठेवलेल्या जुन्या कागदाचे तुकडे पट्टीने जोडून सांगाड्याच्या एका गाळ्यावर टाकले तर फेब्रुवारी ते एप्रिल वाळवणीला जागा होते. बाजू मोकळ्या हव्यात, नाही तर आतली वाफ बाहेर पडत नाही. मिरची, शेवया, पापड यांचे काम करणाऱ्या बचत गटाला हंगामापुरता गाळा भाड्याने देण्याचाही विचार करता येईल. शेळ्या-कोंबड्या मात्र पारदर्शक कागदाखाली ठेवू नयेत, उन्हाळ्यात त्या उष्म्याने मरतात. त्यासाठी पत्रा किंवा पाचटाचे छप्परच लागते, आणि पाचटाचे वजन कमानींना झेपेल का हे आधी पाहावे लागते. रेशीम कीटक संगोपनासाठी मराठवाड्यात पाइप आणि शेडनेटची शेड वापरतात. तुतीची लागवड आधीच असेल तरच त्या वाटेने जावे.

कृषी सहायक आणि शेतकरी कंपन्यांसाठी

गावातल्या उघड्या सांगाड्यांची साधी यादीही बहुतेक ठिकाणी नाही. किती गुंठे, उभारणीचे वर्ष, पाइपची अवस्था, पाणी आहे की नाही, कर्ज थकीत आहे का, एवढ्या पाच रकान्यांची यादी तालुक्याला तयार झाली तर कागद बदलण्याच्या अनुदानाची मागणी आकड्यांनिशी मांडता येईल. उत्पादक कंपनीने १० ते १५ शेतकऱ्यांची मागणी एकत्र करून रोल घेतले तर दर आणि वाहतूक दोन्ही कमी होते. एकाला ६० किलो कागद हवा असताना पूर्ण रोल घ्यावा लागण्याची अडचणही सुटते. कागद चढवणारी अनुभवी टोळी एकाच आठवड्यात चार ठिकाणी फिरली तर मजुरी वाटली जाते.

यादी करताना एक गोष्ट जरूर नोंदवावी : पाणी. काही सांगाडे कागदाअभावी बंद नसून विहीर आटल्यामुळे बंद आहेत. तिथे वर दिलेला कोणताही उपाय मार्चनंतर चालणार नाही. अशा शेतकऱ्याने पावसाळी वेलवर्गीय पीक आणि ऑक्टोबरपर्यंतची रोपवाटिका एवढेच धरावे. गटरमधून पडणारे छताचे पाणी शेततळ्यात नेण्याची सोय मात्र करून घ्यावी, एक गाळा झाकला तरी. २५६ चौरस मीटर छतावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण २५ हजार लिटर पाणी मिळते.

ज्यांच्यावर जुने कर्ज थकलेले आहे त्यांनी नव्या कागदासाठी वाढीव कर्ज काढण्यापूर्वी एक हंगाम वेलींचा किंवा सावलीतल्या कोथिंबिरीचा घ्यावा आणि त्याच्या विक्रीच्या पावत्या जपून ठेवाव्यात. हप्त्यांची पुनर्रचना मागायला बँकेत जाताना चालू असलेल्या युनिटच्या पावत्या दाखवता आल्या तर बोलणे सोपे जाते.

पुढच्या मार्चपर्यंतचे काम साधारण असे लावता येईल. आता सांगाड्याची तपासणी आणि माती परीक्षण. पावसाळ्यात तीन गाळ्यांत ताग आणि एका गाळ्यात दोडका. ऑक्टोबरमध्ये तागाच्या जागी झेंडू उरकला की एका गाळ्याला जाळी. जानेवारीत उन्हाळी भाजीपाल्याची रोपे. मार्चमध्ये दोन गाळ्यांवर सरकते शेडनेट आणि खाली कोथिंबीर. चौथ्या गाळ्यावर जुना कागद अंथरून मातीला ऊन. नवा कागद घ्यायचा की नाही, हे त्या कोथिंबिरीचे पैसे हातात आल्यावर ठरवावे.